टाके, टाकी, टँकर

फेब्रुवारी सरला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक इंग्रजी शब्द रोज छापून यायला लागतो. आधी तो आतल्या पानावर असतो, तालुक्याच्या बातम्यांत. एप्रिलमध्ये पहिल्या पानावर येतो आणि पाऊस पडेपर्यंत तिथून हलत नाही. टँकर. ‘गंगापूर तालुक्यात टँकर सुरू’, ‘वैजापुरात टँकरच्या खेपा वाढवा’, ‘टँकरचा प्रस्ताव तहसीलमध्ये पडून’. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळकरी मुलाला या मथळ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शब्द इंग्रजी असला तरी त्याच्याभोवतीची क्रियापदे अस्सल मराठी आहेत, आणि ती ऐकण्यासारखी आहेत. गावाला टँकर ‘लागतो’: भूक लागावी, दम लागावा, तसा. ‘आमच्याकडं औंदा माघातच टँकर लागला’ या वाक्यात पावसाळा कसा गेला, विहिरींनी केव्हा तळ गाठला आणि पुढचे चार महिने कसे जाणार, हे सगळे आले. गाव टँकर‘वर’ असते, जसा एखादा रुग्ण सलाइनवर असतो. टँकर ‘चालू’ होतो आणि मृगाचा पाऊस झाला की ‘बंद’ होतो. टँकर विहिरीत ‘सोडतात’. आणि तो जितक्या वेळा येतो, त्या प्रत्येक येण्याला म्हणतात खेप. पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यालाही खेप आणि दहा-बारा हजार लिटरच्या ट्रकलाही खेप. यंत्र आले, मोजण्याचे माप तेच राहिले.

लग्नाच्या तयारीतही हा शब्द आता शिरला आहे. उन्हाळी तिथी धरली की मांडववाला, आचारी, बँड यांच्या जोडीला टँकर सांगून ठेवावा लागतो. मोसंबीच्या बागायतदाराच्या तोंडी त्याला आणखी वेगळी धार आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी शेतकऱ्यांनी विकतच्या टँकरने झाडे जगवली. ज्यांना ते परवडले नाही त्यांनी पंधरा-पंधरा वर्षांच्या बागा तोडून सरपण केले. ‘टँकरनं बाग जगवली’ असे सांगणारा माणूस आपण किती कर्जात गेलो तेही त्याच वाक्यात सांगत असतो.

असा हा शब्द. त्याचे घराणे शोधायला निघालो, तर तो आपल्याला पुन्हा आपल्याच दारात आणून सोडतो.

टँकर हा टँकचा मुलगा, आणि टँक इंग्रजी, हे आपण गृहीत धरलेले असते. इंग्रजीत मात्र हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीपूर्वी दिसत नाही. तो पहिल्यांदा येतो तो हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या लिखाणात. सुरतेत त्यांची वखार उभी राहत होती तो हा काळ. पाण्याचे बांधीव तळे, दगडी कुंड, घराखालचा हौद हे सगळे ते ‘टँक’ या नावाने लिहू लागले, कारण आसपासचे लोक त्याला तसलेच काहीतरी म्हणत होते. गुजरातीत टांकूं, मराठीत टांकें.

रॉबर्ट ड्रमंड नावाच्या इंग्रजाने १८०८ साली मुंबईत गुजराती, मराठी आणि इंग्रजी भाषांवर एक पुस्तक छापले. त्यात त्याने या शब्दाची नोंद घेऊन वस्तूचे वर्णन केले आहे: दगड, विटा आणि चुन्यात बांधलेले, बहुधा घराच्या आत असलेले, वरून जवळजवळ झाकलेले आणि भांडे आत सोडता येईल एवढेच तोंड ठेवलेले पाण्याचे साठवण. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही टांकें आहे. पुढे १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध कोश काढला. त्यांनी टँकच्या नोंदीत ड्रमंडला साक्षीला बोलावले आणि हा शब्द मुळात इथलाही असू शकतो असे मांडले. दुसरी बाजू आहे पोर्तुगीजांची. त्यांच्या भाषेत ‘तांक’ म्हणजे तळे, आणि तो शब्द लॅटिनकडे जातो. इंग्रजांच्या आधी शंभर वर्षे ते या किनाऱ्यावर होते. आजचे मोठे इंग्रजी कोश दोन्ही उगम देतात: पश्चिम भारतातला शब्द आणि त्याला पोर्तुगीज शब्दाचा लागलेला हातभार. माझ्या मते हे दोन शब्द इथल्याच एखाद्या बंदरात एकमेकांना भेटले असणार. खलाशाने एक म्हटला, दुभाष्याने दुसरा ऐकला, आणि दोघांना वाटले की आपण एकच बोलतो आहोत.

सुरतेत हे घडत होते तेव्हा इकडे काय चालले होते? १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. डोंगराळ, खडकाळ जागा. नावच खडकी. तिथे शहर उभे करायचे तर पाणी आधी हवे. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. त्याच तंत्राच्या पुढच्या काळातल्या नहरीवर पाणचक्की उभी आहे. तिचा मोठा हौज असा बांधला आहे की त्याच्या तळाखाली एक प्रशस्त दालन आहे, आणि हौजाचा तळ हेच त्या दालनाचे छत. उन्हाळ्यात तिथे जाऊन उभे राहिले की बांधणाऱ्याच्या डोक्यात पाण्याइतकाच गारव्याचाही विचार होता हे कळते. इंग्रज आपल्या वह्यांत ‘टँक’ लिहायला शिकत होते, त्याच वर्षांत हे शहर हौद आणि नहर यांच्या आधारावर जन्माला येत होते.

आणि टाके त्याहून कितीतरी जुने. सह्याद्रीचा आणि मराठवाड्याचा दगड एकच, बेसॉल्ट. त्यात पाणी मुरते ते फटींतून, एरवी तो पाणी धरून ठेवतो. म्हणून इथे तळे बांधण्यापेक्षा खडक खोदणे सोपे आणि टिकाऊ. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा व्यापार नाणेघाट चढून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला, येई. त्या वाटेवर घाटमाथ्याला आजही खोदीव टाकी आहेत. तांडा थांबेल तिथे पाणी, हा त्या वाटेचा नियम होता. कान्हेरीच्या लेण्यांत जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचे टाके आहे आणि तिथल्या शिलालेखांत त्याला ‘पानीयपोढी’ म्हटले आहे. ज्या उपासकाने ते खोदवून घेतले त्याचे नाव, गाव आणि धंदा दगडात आहे. लेणे दान देणे आणि टाके दान देणे ही दोन्ही सारखीच नोंदवण्याजोगी कृत्ये होती. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, वेरूळच्या लेण्यांना टाकी आहेत.

आपल्या शहराजवळचे एक मोठे उदाहरण दौलताबादच्या किल्ल्यात आहे. खालच्या कोटात शिरून थोडे पुढे गेले की हत्ती हौद लागतो: साधारण ३८ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि साडेसहा मीटर खोल. काठोकाठ भरला तर आजच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या नऊशेहून जास्त खेपा त्यात मावतील. पर्यटक त्याच्या काठावर फोटो काढून चांदमिनाराकडे जातात. मला वाटते की तिथे थोडे थांबावे आणि एवढे पाणी एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी का साठवले असेल याचा विचार करावा. यादवांची राजधानी, नंतर १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून हलवलेली राजधानी. तलवारी आणि तटबंदी यांच्याबद्दल आपण भरपूर वाचतो. वेढ्यात किल्ला पडतो तो पुष्कळदा पाण्यापायी, हे किल्ला बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

मराठीत टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नीही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण त्याच टाकीची. छिन्नी ती टाकी आणि छिन्नीने खोदले ते टाके, ही जोडी कानाला पटते. पण शब्दांच्या कुळात कानाचा कौल पुरत नाही, म्हणून मी ती इथे फक्त शेजारी-शेजारी ठेवतो.

इंग्रजी टँककडे परत येऊ. मायदेशी गेल्यावर या शब्दाने आपले घर बदलले. हिंदुस्थानात तो जमिनीतला खड्डा किंवा बांधलेले तळे होता. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीस तो कुठलाही द्रवपदार्थ ठेवण्याचे मोठे भांडे झाला, आणि मग कारखान्यांच्या युगात लोखंडी झाला. तेलाचा, वाफेच्या इंजिनाच्या पाण्याचा, रसायनाचा, माशांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून टँकर निघाला, आधी तेलवाहू जहाजासाठी आणि मग रस्त्यावरच्या गाडीसाठी. पोहण्याच्या कुंडालाही टँक म्हणत, म्हणून तिथे घालायचा बिनबाह्यांचा पोशाख पुढे टँक टॉप झाला. आपल्याकडच्या मुली हा शब्द सहज वापरतात.

त्याचा सर्वांत चमत्कारिक अर्थ लढाईतला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी खंदक ओलांडणारे, चिलखत घातलेले एक वाहन लिंकन शहरातल्या कारखान्यात गुप्तपणे तयार करायला घेतले. त्याच्या सांगाड्याचे नाव काय ठेवायचे, म्हणजे कामगारांना आणि हेरांना सुगावा लागणार नाही? १९१५च्या डिसेंबरात हौद, पिंप अशा अर्थाचे शब्द चाचपून पाहून शेवटी छोटा म्हणून ‘टँक’ ठरला. मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहून नेणारी गाडी बनते आहे, अशी आवई उठवून दिली गेली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ती गाडी पहिल्यांदा रणांगणावर आली तेव्हा लपवण्यासारखे काही उरले नव्हते, पण नाव चिकटले ते चिकटलेच. खरोखरच्या मेसोपोटेमियात त्याच वर्षी, १९१६च्या एप्रिलमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणी उपासमारीने शरण गेल्या होत्या. मराठीने मात्र टँक हे लटके नाव स्वीकारले नाही. आपण म्हटले रणगाडा. दोन शब्द जोडून वस्तू काय करते ते सांगून टाकणारा इतका नेमका शब्द इंग्रजीलाही साधला नाही. संभाजीनगरहून अडीच-तीन तासांवर अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र तिथेच असल्याने १९९४पासून ते उभे आहे. मुलांना घेऊन जरूर जावे.

इंग्लंडने टँकचा जुना अर्थ, म्हणजे तळे, जवळजवळ विसरून टाकला. तो टिकला आपल्या सरकारी कागदांत. पाटबंधारे खात्याच्या इंग्रजीत लहान तलाव अजून ‘मायनर इरिगेशन टँक’ असतो. नकाशावर ‘एम. आय. टँक’ लिहिलेले दिसते आणि गावचा तलाठीही तेच म्हणतो. पाझर तलाव हा शब्द ‘पर्कोलेशन टँक’चा अनुवाद, आणि अनुवाद करताना टँकचा तलाव झाला हे बरोबरच झाले. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडण्याबरोबर जी मोठी कामे निघाली त्यांत पाझर तलाव होते. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीतले कितीतरी लोक त्या तलावांच्या भरावावर पाट्या वाहून जगले. निजामाच्या राजधानीत, हैदराबादला, हुसेनसागराच्या बांधावरचा रस्ता आजही टँक बंड. मुंबईत तर तलाव बुजले आणि नावे उरली: गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने तिथल्या विहिरी आणि तलाव मोठ्या प्रमाणावर बुजवले गेले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर ‘चले जाव’ची हाक दिली गेली ते मैदान म्हणजे एकेकाळी गुरांना पाणी पाजण्याची जागा.

आता आपल्या शहरातल्या टाकीकडे या. पेट्रोल पंपावर ‘टाकी फुल कर’ म्हणताना, किंवा वाळूजच्या रस्त्यावर गाडी रिझर्व्हला आली म्हणताना, आपल्या मनात टँक हा शब्दसुद्धा नसतो. दुचाकीच्या पोटातल्या त्या पत्र्याच्या भांड्याने आपले देशी नाव परत मिळवले आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र सरकारी भाषेने एक नवाच थाटाचा शब्द आणला, जलकुंभ. महापालिकेच्या पत्रकात ‘सिडको एन-५ येथील जलकुंभ’ असतो. रस्त्यावर कुणीही ‘एन-पाचची टाकी’च म्हणतो आणि रिक्षावाल्यालाही तेवढेच कळते. उंच टाकी ही परिसराची खूण असते. तिच्या नावाने चौक आणि थांबे ओळखले जातात. आणि मागणी घेऊन कोणी वर चढून बसले की बातमीदार लिहितात ‘शोले स्टाइल आंदोलन’. १९७५च्या एका चित्रपटाने मराठी पत्रकारितेला कायमचा वाक्प्रचार देऊन टाकला. हा वाक्प्रचार मला खटकतो. चित्रपटातला वीरू दारूच्या नशेत लग्नाची मागणी करत होता. इथे चढलेला माणूस बहुधा आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही म्हणून चढलेला असतो.

पाणी रोज येत नसले की शहरात टाक्यांची साखळी तयार होते. ही साखळी समजून घेतली तर हा शब्द आपल्याकडे इतका का फोफावला ते कळते. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीतून, पाणी उपसले जाते. फारोळ्याला ते शुद्ध होते. नक्षत्रवाडीच्या उंचवट्यावरच्या साठ्यात ते चढते. तिथून शहरभरच्या जलकुंभांत. मग ठरलेल्या दिवशी लाइनमन व्हॉल्व्ह फिरवतो आणि त्या गल्लीची पाळी येते. ज्याच्या घरी जमिनीत हौद आहे तो मोटर लावून पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवतो. ज्याच्याकडे हौद नाही तो निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरतो, आणि ड्रम ठेवायला जागा नसेल तर हंडे, कळश्या, बादल्या, स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा. धरणापासून तोंडापर्यंत एकच पाणी पाच-सहा वेळा साठवले जाते. नळाला चोवीस तास पाणी असलेल्या शहरात यातले निम्मे साठे लागत नाहीत. आपल्या गच्च्यांवर ओळीने दिसणाऱ्या त्या काळ्या टाक्या म्हणजे पाणीपुरवठ्यावरच्या अविश्वासाने घरोघर गुंतवलेला पैसा आहे. त्यांना आपण ‘सिंटेक्स’ म्हणतो, कंपनी कुठलीही असो. हे नाव गुजरातेतल्या कलोलच्या एका कापड गिरणीने सत्तरच्या दशकात काढलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीचे. टांकूं ज्या भाषेतले, त्याच मुलखातून नवी टाकीही आली.

जायकवाडीचे पाणी शहरात आणणाऱ्या जुन्या दोन मुख्य जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या. त्यांच्यानंतर शहर कितीतरी पट वाढले. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिच्यातली मुख्य वाहिनी २५०० मिलिमीटरची, म्हणजे उंच माणूस ताठ उभा राहून चालत जाईल एवढी. मधल्या वर्षांत खर्चाचा आकडाही फुगला आणि सातारा-देवळाईसारख्या भागांत लोक टँकरचे पैसे मोजत राहिले. तिथल्या घराच्या मासिक खर्चात किराणा, वीज, शाळेची फी यांच्या ओळीत टँकर असतो.

टँकरची दुसरी जात इंधनाची. मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे साठे आहेत आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाचे पेट्रोल-डिझेल तिथून टँकरने येते. १ जानेवारी २०२४ला चालकांनी नव्या कायद्यातल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध गाड्या उभ्या केल्या तेव्हा पंपांवर रांगा लागल्या. दुधाचा टँकर आहे, मळीचा आहे, गॅसचा आहे. आणि सेप्टिक टँक आहे, ज्याला मराठीत कोणी धड नाव दिले नाही, बहुधा त्याचे नाव घ्यायचे नसते म्हणून. २०१३च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांविना त्यात उतरवणे गुन्हा ठरले, तरी गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. टँक या शब्दाच्या सगळ्या अर्थांत या एकाबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो आणि सर्वांत जास्त बोलायला हवे ते याच्याबद्दलच.

पण मराठवाड्यात टँकर म्हटले की पाणीच. जुनी माणसे सांगतात की १९७२ला धान्य नव्हते, विहिरींना पाणी होते. नंतरच्या दुष्काळांत उलटे झाले, रेशनचे धान्य मिळत राहिले आणि पाणी गेले. मधल्या काळात कूपनलिका खोल खोल गेल्या, ऊस वाढला, आणि भूगर्भातले साठे रिते होत गेले. टंचाईत टँकरने पाणी देताना शासनाचे माप आहे माणशी रोज वीस लिटर. हजार वस्तीच्या गावाला दहा हजार लिटरच्या दोन खेपा. वीस लिटर म्हणजे एक मोठी बादली. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, सगळे त्यात बसवायचे. २०१९च्या मे महिन्यात राज्यभरात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते. त्याआधी २०१६ला लातूरमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि रेल्वेने टँकरचे काम हाती घेतले. कोट्याच्या कार्यशाळेत धुऊन स्वच्छ केलेले दहा टाकी-डबे मिरजेला भरले गेले आणि १२ एप्रिलला सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. ‘जलदूत’ असे त्या गाडीचे नाव पडले. पुढे पन्नास-पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या.

टाके आणि टँकर यांत नाते एकाच शब्दाचे, पण स्वभाव अगदी विरुद्ध. टाके जागेवरून हलत नाही. ज्या खडकात खोदले त्या खडकावर पडलेला पाऊस ते धरते, आणि त्याची मालकी, त्याची साफसफाई, त्याचे तंटे गावात किंवा गडावर मिटतात. टँकर दुसरीकडचे पाणी घेऊन येतो. तो कुठून भरला, कोणाच्या विहिरीचे अधिग्रहण झाले, लॉगबुकात खेपा किती आणि प्रत्यक्षात किती, हे तहसील कचेरी, ठेकेदार आणि चालक यांच्यात ठरते. आता गाड्यांना जीपीएस बसवतात, म्हणजे खेप झाली की नाही हे कळावे. गावाच्या हातात उरते ते वाट पाहणे. नव्वदच्या दशकात ‘टँकरमुक्त महाराष्ट्र’ अशी घोषणा झाली होती, आणि घोषणेतच कबुली होती की राज्य टँकरयुक्त आहे.

वर्तमानपत्रे कधी कधी मराठवाड्याला ‘टँकरवाडा’ म्हणतात. मथळ्याला यमक जुळते. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. इथे पाऊस कमी, ते खरे. पण याच खडकात हत्ती हौद खोदला गेला, याच डोंगरांतून नहरी आल्या, इथल्या गावोगावच्या बारवांत अजून पायऱ्या शाबूत आहेत आणि काही ठिकाणी गाळ काढल्यावर त्यांना पाणीही लागते. आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झालेले जायकवाडी, संभाजीनगर जिल्ह्यातच आहे. तरीही धरण ज्या पैठण तालुक्यात आहे त्यातल्या गावांनाही उन्हाळ्यात टँकर लागलेले आहेत. कारणे आभाळात शोधायची गरज नाही. योजना मंजूर होते, जलवाहिनी टाकली जाते, पंपाचे वीजबिल थकते, जोडणी तुटते, पुढच्या वर्षी जलवाहिनी फुटते, आणि दुरुस्तीचा प्रस्ताव जाण्याआधी टँकरचा प्रस्ताव जातो, कारण तो लवकर मंजूर होतो.